वर्गणीदारांची वही

मागच्या व्याख्यानात आपण जुन्या छापखान्यांबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं, "आता लेखक घरबसल्या ई-बुक काढतो, प्रकाशकाची गरजच उरली नाही. मग हा सगळा इतिहास कशाला?" मी त्या दिवशी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. आज जरा नीट देतो.

लेखकाने स्वतःच पुस्तक काढायचं, ही गोष्ट आपल्याकडे चांगली जुनी आहे. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. मराठी ग्रंथांना बक्षिसं देणारी ही सरकारी कमिटी. तिने नाटक नाकारलं. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारलं गेलं, असं फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी'त लिहून ठेवलं आहे. ते नाटक छापून यायला १९७९ साल उजाडलं. म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षं! 'गुलामगिरी' मात्र त्यांनी १८७३ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केली. फुले ठेकेदारी करत, हाताशी थोडा पैसा होता, त्यामुळे ते जमलं असावं.

पण म्हणून पुढे सगळं सोपं झालं का? तर नाही. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झालं. सुरुवातीचे भाग 'दीनबंधू' पत्रात आले आणि पुढचे छापायचे थांबले. 'दीनबंधू' चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे म्हणजे चळवळीतलेच, घरचेच म्हणा ना. तरीही थांबले. मग फुल्यांनी काय केलं? हस्तलिखित घेऊन गावोगाव लोकांना वाचून दाखवलं, बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनाही ऐकवलं. 'असूड' पूर्ण पुस्तकरूपाने त्यांच्या हयातीत आलंच नाही. पण ते ऐकणारी माणसं कोण, कुठली, हे त्यांना ठाऊक होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दुसरा माणूस. श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट करून आलेला हा गृहस्थ मराठीत ज्ञानकोश काढायचं ठरवतो. एवढं मोठं काम अंगावर घेणारा प्रकाशक कुठून मिळणार? मग त्यांनी ज्ञानकोश मंडळ नावाची लिमिटेड कंपनीच काढली. शेअर विकले, खंड निघायच्या आधी वर्गणीदार गोळा केले, त्यासाठी गावं पालथी घातली. आजच्या भाषेत याला क्राउडफंडिंग म्हणतात आणि लोकांना वाटतं, काल-परवा निघालंय. एकूण २३ खंड पुरे झाले. कामाच्या अखेरीस केतकरांनी 'माझें बारा वर्षांचें काम' हे पुस्तक लिहिलं. ज्यांना स्वतःचं पुस्तक स्वतः काढायचंय, त्यांनी ते जरूर वाचावं. विद्वान माणसाला पैशामागे किती फिरावं लागतं, ते त्यात दिसतं.

केतकरांच्या हातात काय होतं? वर्गणीदारांची वही. नाव, गाव, पैसे आले की बाकी आहेत, खंड पोचला की नाही. त्या काळच्या प्रत्येक स्वयंप्रकाशक लेखकाकडे अशी एखादी वही असायचीच. ती वही म्हणजे त्याचं भांडवल. छापखाना बदलला तरी चालेल, वही हरवून चालणार नाही.

आता कित्येक दशकांची उडी मारून अमेरिकेत जाऊ, कारण ही वही तिथेच लेखकाच्या हातातून गेली. मार्च २०००. स्टीफन किंगची 'रायडिंग द बुलेट' ही मोठी कथा फक्त ई-बुक म्हणून आली, किंमत अडीच डॉलर. पहिल्याच दिवशी सुमारे चार लाख प्रतींची मागणी. पण ती प्रकाशकाने काढली होती. त्याच वर्षी जुलैत किंगने प्रकाशकाला बाजूला ठेवून 'द प्लांट' ही कादंबरी हप्त्याहप्त्याने स्वतःच्या संकेतस्थळावर टाकली. पहिल्या हप्त्याला एक डॉलर. आधी उतरवून घ्या, पैसे प्रामाणिकपणे भरा. शंभरातल्या पंचाहत्तर जणांनी भरले तर पुढे लिहीन. सुरुवातीला लोकांनी भरलेही. पुढे ते प्रमाण निम्म्याच्या खाली गेलं आणि सहा हप्त्यांनंतर, डिसेंबरात, काम थांबलं. कादंबरी आजही अपुरी आहे. गंमत म्हणजे किंगला त्यातून साडेचार लाख डॉलरच्या वर नफा झाला! आपल्याकडे अशा 'अपयशा'साठी लोक नवस बोलतील.

मग १९ नोव्हेंबर २००७ला अॅमेझॉनचं किंडल आलं. ३९९ डॉलरचं यंत्र, साडेपाच तासांत माल संपला. त्याबरोबरच लेखकाला स्वतःची फाइल चढवून विकायची सोय आली. सुरुवातीला लेखकाला ३५ टक्के. २०१० साली ठरावीक किमतीच्या पुस्तकांना ७० टक्के झाले. छापील पुस्तकावर दहा-पंधरा टक्के घेणाऱ्या लेखकाला हे स्वप्नच वाटलं, आणि खोटं का बोला, पुष्कळांचं भलंही झालं.

पण मधल्या २००९च्या जुलैत एक प्रकार घडला. ज्यांनी किंडलवर ऑर्वेलचं '१९८४' विकत घेतलं होतं, त्यांच्या यंत्रातून ते एके दिवशी गायब झालं. हक्क नसलेल्या कोणीतरी याच स्वतः-चढवा सोयीतून ते चढवलं होतं. कंपनीने पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. ते पुस्तक नेमकं '१९८४' असावं, हा योगायोग कादंबरीकारालाही सुचला नसता. पण त्यावरून कळलं की दुकान, कपाट आणि कपाटाची किल्ली, तिन्ही एकाच ठिकाणी आहेत.

अँडी वीअरचं उदाहरण सगळे देतात. 'द मार्शियन' त्याने ९९ सेंटला किंडलवर टाकली आणि तीन महिन्यांत ३५ हजार प्रती गेल्या, पुढे सिनेमा आला. सांगताना एक गोष्ट राहून जाते. ती कादंबरी त्याआधी प्रकरणाप्रकरणाने त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट येत होती आणि त्याच्याकडे सुमारे तीन हजार वाचकांचे ई-मेल पत्ते होते. किंडलवर टाका, असा आग्रह त्यांतल्याच वाचकांनी केला. म्हणजे वही होती!

मराठी पुस्तकांची सोय किंडलवर डिसेंबर २०१६ मध्ये झाली. तेव्हा मीही माझं एक जुनं, दुकानातून संपलेलं पुस्तक चढवायला घेतलं. ते युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. तो फॉन्ट नसला की पानभर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. रूपांतर केलं तर 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' आणि 'वऱ्हाडा'चं 'वर्हाड'. दोनशे पानं हाताने दुरुस्त केली. त्या महिन्यात प्रकाशकांच्या मुद्रितशोधकांबद्दल माझ्या मनात जो आदर दाटून आला, तो विचारू नका.

आणि अटी वाचायला शिकलो. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर ई-बुक दुसरीकडे कुठेही द्यायचं नाही. वर्गणी भरून कितीही वाचा, या योजनेत २०१५पासून पैसे मिळतात ते वाचलेल्या पानांचे. मला दर महिन्याला अहवाल येतो. मागच्या महिन्यात माझ्या पुस्तकाची ४१२ पानं वाचली गेली. दोघांनी मिळून ते अख्खं वाचलं, की वीस जणांनी थोडं थोडं वाचून सोडून दिलं, हे अहवालात नाही. त्यांना माझं पुढचं पुस्तक आलंय हे कळवायचं तर पत्ता माझ्याकडे नाही. तो कंपनीकडे आहे.

म्हणून हल्ली मी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर माझा ई-मेल देतो आणि लिहितो, वाचलंत तर दोन ओळी कळवा. आतापर्यंत सतरा जणांनी कळवलं. त्यांची नावं मी एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवलीत. एकजण वऱ्हाडातले निघाले. त्यांनी फक्त एवढंच कळवलं, की पान ८८वर 'वर्हाड' अजून तसंच राहिलंय.