स्वतःच्याच पत्त्यावर धाड

इंटरनेटवरच्या गप्पांच्या पहिल्या दशकातली सर्वांत गाजलेली फिरकी एका पत्त्याची आहे. चॅटच्या खोलीत कुणी नवखा येतो, भांडण उकरून काढतो आणि ‘तुझा आयपी सांग, तुझा कॉम्प्युटर उडवतो’ म्हणून दम देतो. समोरचा त्याला शांतपणे १२७.०.०.१ हा पत्ता देतो. हा पत्ता १९८६पासून राखून ठेवलेला आहे. जगातल्या कुठल्याही यंत्रावर तो टाका, तो त्या यंत्राचा स्वतःचाच असतो. नवखा हल्ला चढवतो तो आपल्याच घरावर. थोड्या वेळाने खोलीतल्या सगळ्यांच्या पडद्यावर ओळ उमटते : अमुक गेला, पिंग टाइमआउट. या शतकाच्या पहिल्या दशकात एका जर्मन चॅटमधल्या भांडणाची अशीच नोंद जगभर फिरली. तिच्यातला तरुण समोरच्याची हार्डडिस्क कशी पुसली जात आहे याचे विजयी वर्णन करत राहतो आणि ते करता करताच गायब होतो. या प्रकारांकडे आपण पोरकटपणा म्हणून पाहतो, आणि संगणकाच्या इतिहासात त्यांना जागा देत नाही. मला हे चुकीचे वाटते. हॅकर म्हणवून घेणाऱ्या त्या पोरांची खरी ताकद किती, हे त्या काळात वर्तमानपत्रांना कळले नाही, कायद्याला कळले नाही. चॅटच्या खोलीतल्या हशाला ते नेमके कळले होते. मुंबई आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात याचा पुरावा चांगला सापडतो, म्हणून तो इथूनच मांडतो.

विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. चित्रे दिसतील असे टीसीपी-आयपी खाते २५० तासांना १५,००० रुपये, आणि विद्यार्थ्याला नुसत्या अक्षरांचे शेल खाते ५०० रुपयांत. शिवाय फोनचे बिल वेगळे. सीबीडी बेलापूरला तेव्हा लोकल येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. सिडको भवन, कोकण भवन, रिझर्व्ह बँकेचे कार्यालय अशा कचेऱ्यांभोवती वाढणारे हे गाव ०२२ या कोडमध्ये, एमटीएनएलच्या हद्दीत होते, त्यामुळे मुंबईतल्या निगमच्या मोडेमला लागणारा फोन स्थानिक दराचा होता. भारती विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय इथेच, नेरूळला तेरणा, वाशीला फादर ॲग्नेल. संगणक शिकणारी मुले, स्वस्त फोन आणि ५०० रुपयांचे खाते एकत्र आले की काय होणार हे उघड आहे. शेल खात्याची गंमत अशी की तिथे माऊस नव्हता, चित्र नव्हते. समोर निगमचे युनिक्स यंत्र उभे असायचे आणि त्याच्याशी आज्ञांच्या भाषेत बोलावे लागायचे. त्या यंत्राचे नाव जीआयएएसबीएम०१. चॅटमध्ये शिरणाऱ्याच्या टोपणनावामागे हे नाव लागायचे आणि माहीतगाराला लगेच कळायचे की पोरगा मुंबईकडचा आहे. म्हणजे ज्याला आपण ‘आयपी काढणे’ म्हणून मिरवत होतो, ती गोष्ट चॅटची व्यवस्था स्वतःहूनच सगळ्यांना दाखवत होती. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने १९८८मध्ये आयआरसी ही चॅटची व्यवस्था लिहिली तेव्हा ती ओळखीच्या विद्यापीठांतल्या लोकांसाठी होती. पत्ता लपवावा अशी गरज तिथे कुणाला वाटली नव्हती.

नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची मुभा मिळाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गाळ्यागाळ्यांतून सायबर कॅफे उघडले. खरा नवखा इथे तयार झाला. शेल खात्यावरच्या मुलाला निदान आज्ञा पाठ कराव्या लागत. कॅफेतल्या मुलाला एमआयआरसी किंवा याहू चॅटच्या खिडकीत फक्त टिचक्या मारायच्या होत्या. हत्यारेही तशीच आली. १९९७च्या विननूकमध्ये पत्ता लिहून बटण दाबले की समोरचे विंडोज ९५ निळे पडायचे. १९९८च्या मार्चमध्ये नेटबस आले आणि ऑगस्टमध्ये बॅक ऑरिफिस. नेटबसने दुसऱ्याच्या कॉम्प्युटरचा सीडीचा खण उघडता-मिटता यायचा, माऊसची बटणे उलटी करता यायची, पडद्यावर हवे ते चित्र आणता यायचे. मात्र त्यात दोन फायली होत्या, एक आपण चालवायची आणि दुसरी, पॅच नावाची, सावजाच्या गळ्यात मारायची. कोणती कुणासाठी हे न वाचताच असंख्य उत्साही पोरांनी पॅचवरच दोनदा टिचकी मारली आणि स्वतःच्या यंत्राचे दार सताड उघडून ठेवले. अशा मुलाला १२७.०.०.१ दिला की त्याचा हल्ला खरोखर यशस्वी व्हायचा, आणि सीडीचा खण त्याच्याच गुडघ्यावर आपटायचा. कॅफेत तर आणखी गुंता होता. एका मोडेमवर पाच-सहा यंत्रे जोडलेली, सगळ्यांना बाहेर मिळून एकच पत्ता, आणि तोही फोन तुटला की बदलणारा. आज ‘तुझा आयपी माझ्याकडे आहे’ म्हणून दिलेली धमकी रात्री भलत्याच माणसाच्या वाट्याला जायची. बेलापुरात सेक्टर आणि प्लॉट सांगितला की माणूस सापडतो, त्या गावातल्या मुलाने आकड्यांचा पत्ता म्हणजे कायमचे घर असे समजावे, यात त्याचा फार दोष नाही. कॅफेत एकाने दंगा केला की नेटवर्कचे चालक तो पत्ताच बंद करत, आणि शेजारच्या यंत्रावर निमूटपणे गप्पा मारणाराही बाहेर फेकला जाई.

यावर पहिला आक्षेप असा येईल की अशा नोंदींचा भरवसा काय? चॅटमधला मजकूर कुणीही रचू शकतो, आणि हसवण्यासाठी बऱ्याच रचल्याही गेल्या असतील. जर्मन नोंदीबद्दलही हा संशय घेता येतो. पण विनोद हा इतिहासाचा पुरावा असतो तो त्यातली घटना घडली म्हणून नव्हे, तो कुणाला समजला म्हणून. १२७.०.०.१ वर हसायला हा पत्ता काय आहे हे ठाऊक असावे लागते. ‘पासवर्ड लिहून बघ, आम्हाला फुल्याच दिसतात’ असे सांगून नवख्याकडून पासवर्ड काढून घेण्याच्या फिरकीवर हसायला, पासवर्डच्या चौकटीतल्या फुल्या आपल्याच पडद्यापुरत्या असतात हे कळलेले असावे लागते. ‘चालक व्हायचे असेल तर ऑल्ट आणि एफ४ दाब’ हे सांगणाऱ्याला आणि ऐकून खिडकी बंद करून बसणाऱ्याला वेगळे करणारी गोष्ट एवढीशी माहितीच होती. कुठल्याही अभ्यासक्रमात नसलेले हे ज्ञान ज्या वेगाने पसरले, तो वेग या फिरक्यांच्या प्रसारातून दिसतो. ज्याची फिरकी घेतली गेली तो दुसऱ्यांदा फसत नव्हता. पुढच्या आठवड्यात तोच दुसऱ्याला तो पत्ता देत होता. त्या काळात ज्या पोराने आयपी, पोर्ट, प्रॉक्सी हे शब्द अर्थासकट शिकले, त्याने ते बहुधा मामा बनूनच शिकले. नोंद रचलेली असली तरी हे अनुमान ढळत नाही, कारण रचणाऱ्यालाही हसणारा वाचक तयार असल्याची खात्री होती.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो थेट खाडीपलीकडून येतो. बेलापूरहून हार्बरची गाडी वाशीचा पूल ओलांडताना दक्षिणेला ट्रॉम्बेच्या टेकड्या दिसतात; तिथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. ११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणच्या चाचण्या झाल्या, आणि जूनच्या सुरुवातीला अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स आणि न्यूझीलंडमधल्या मिलवर्म नावाच्या टोळक्याने केंद्राच्या यंत्रांत शिरून पत्रव्यवहाराच्या प्रती पळवल्या आणि संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र लावले. ही मुले पंधरा ते अठरा वर्षांची होती. आयआरसीवर भेटलेली, आणि पत्रकारांना मुलाखतीही तिथूनच देणारी. मग हसण्यावारी नेलेले पोरगे एवढे करू शकते, तर हशा चुकला नाही का? मी या घटनेचे उलट वाचन करतो. त्याच वर्षाच्या अखेरीस फोर्ब्ज मासिकाने लिहिले की या टोळक्याच्याही आधी एका पंधरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने इंटरनेटवर फुकट मिळणारा पासवर्ड फोडणारा प्रोग्रॅम वापरून केंद्राच्या यंत्रात वाट काढली होती. तिथे एका खात्याचे नाव आणि पासवर्ड एकच होता. त्याने ही वाट चॅटवर सांगितली आणि मग तिथे झुंबड उडाली. यात अलौकिक बुद्धी कुठे आहे? हत्यार तयार होते, बटण तेच होते, दार मात्र या वेळी खरे होते आणि त्याला कडी नव्हती. आपल्याच यंत्रावर नेटबस सोडणारा मुलगा आणि ट्रॉम्बेत शिरणारा मुलगा यांच्यातले अंतर ज्ञानाचे फार थोडे होते. मोठा फरक समोरच्या कुलपाचा होता. संवेदनशील काम चालते ते जाळे वेगळे आहे आणि इंटरनेटला जोडलेले नाही, असे केंद्राने सांगितले, आणि ते महत्त्वाचे होते. पण जी यंत्रे जोडलेली होती त्यांच्या राखणदारीचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

वर्तमानपत्रांनी मात्र मुलांनाच जादूगार केले. ‘अण्वस्त्र केंद्रात हॅकर’ हे शीर्षक ‘खात्याचे नाव हाच पासवर्ड’ या शीर्षकापेक्षा विकाऊ होते. त्या जादूगाराच्या प्रतिमेनेच नवख्यांची पुढची पिढी ओढून आणली आणि तिचेच प्रतिबिंब कायद्यात पडले. १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला, त्याच्या कलम ६६ने ‘हॅकिंग’ हा गुन्हा केला : संगणकातली माहिती पुसणे, बदलणे, तिची उपयुक्तता कमी करणे, नुकसान होईल हे माहीत असताना; शिक्षा तीन वर्षांपर्यंत. शब्द इतके सैल होते की मित्राच्या माऊसची बटणे उलटी करणारा आणि बँकेच्या नोंदी बदलणारा एकाच कलमाच्या जाळीत सापडावा. त्याच वर्षी मुंबई पोलिसांचा सायबर कक्ष सुरू झाला, आणि २००१मध्ये त्या कक्षाचेच संकेतस्थळ विद्रूप केल्याच्या आरोपावरून दोन तरुणांना अटक झाली. या कायद्याची गरजच नव्हती असे मी म्हणत नाही. दिल्लीत २०००च्या सुमारास एका गृहस्थाच्या खात्यातले इंटरनेटचे तास, ते खाते जोडून द्यायला आलेल्या माणसानेच वापरून टाकले, तेव्हा तास चोरीला जातात म्हणजे काय हेच पोलिसांना आधी उमगेना. कायद्याने असल्या चोरीकडे नीट पाहायला हवे होते, आणि बढाईकडे कमी.

आता माझ्या मताची मर्यादा, आणि ती लहान नाही. हशाने बढाईखोराचे माप अचूक घेतले, पण त्या खोल्यांतला सर्वांत मोठा उपद्रव तंत्राचा नव्हताच. स्त्रीचे टोपणनाव घेऊन कुणी शिरले की खासगी खिडक्यांचा पाऊस पडायचा. २००१मध्ये गाजलेल्या दिल्लीच्या प्रकरणात एका माणसाने एका विवाहित स्त्रीच्या नावाने चॅट करत तिचा घरचा फोन नंबर वाटला आणि तिला देशापरदेशांतून रात्री-बेरात्री फोन येऊ लागले. भारतातल्या ऑनलाइन छळाचे पहिले प्रकरण म्हणून ते ओळखले जाते. वर्षभर आधी लागू झालेल्या कायद्यात यासाठी कलम नव्हते. पोलिसांना १८६०च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ५०९चा आधार घ्यावा लागला. त्या माणसाला कोणताही प्रोग्रॅम लागला नव्हता. त्याची थट्टा करून भागणार नव्हते. उलट ‘मुलगी म्हणून फिरकी घेणे’ हाही त्या खोल्यांतला मान्य विनोद होता आणि या छळाला त्यानेच आडोसा दिला. खोट्या पत्त्यावर हसणाऱ्या मंडळींना या खऱ्या पत्त्याचे गांभीर्य दिसले नाही. हॅकर नावाच्या बागुलबुवाकडे पाहत राहिलेल्या कायद्यालाही दिसले नाही. दोघांचा हा दोष मी सारखाच धरतो.

हा सगळा खेळ संपवला तो पोलिसांनी नव्हे. ऑगस्ट २००४मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची दुसरी सुधारित आवृत्ती दिली, तिच्यात फायरवॉल आपोआप चालू असे. जानेवारी २००५मध्ये एमटीएनएलने ट्रायबँड ही ब्रॉडबँड सेवा आणली आणि पुढच्या काही वर्षांत नवी मुंबईच्या घराघरांत राउटरचे डबे बसले. त्यामागच्या यंत्रापर्यंत बाहेरून आलेला विननूक किंवा नेटबस पोहोचणे अवघड झाले, आणि तयार हत्यार घेऊन येणाऱ्याच्या हाती काही उरले नाही. कॅफे एकेक करून बंद पडले. याहूने २००५मध्येच लोकांनी स्वतः उघडलेल्या खोल्यांना कुलूप लावले आणि २०१२च्या डिसेंबरात उरलेल्या सार्वजनिक खोल्याही मिटवल्या. कायदा मात्र उशिराच सरळ झाला : २००८च्या दुरुस्तीने कलम ६६मधला ‘हॅकिंग’ हा शब्द काढला आणि कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असले पाहिजे ही अट घातली. ती दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ रोजी लागू झाली, त्या वेळी तिच्यामुळे सुटला असता असा पोरगा चॅटच्या खोल्यांत जवळजवळ उरलाच नव्हता.