कादंबरीविषयी वाचकांचा कौल

आपल्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीचा इतिहास, विद्यार्थ्यांचे यश, विवाहातील खर्चाची मर्यादा अशा विषयांवर दरवर्षी लेख येत असतात, आणि ते यावेतही. परंतु ज्ञातीची घडण केवळ ठरावांनी होत नाही. घरात संध्याकाळी काय वाचले जाते व त्याविषयी काय बोलले जाते, यानेही ती होत असते. म्हणून या वेळी कादंबरी व तिचा वाचक यांच्या संबंधाचा थोडा इतिहास वाचकबंधुभगिनींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या सुईदोऱ्यावर जगलेल्या घरांचा या इतिहासाशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध फार जवळचा आहे, हे पुढे दिसून येईल.

बाणभट्टाच्या नायिकेचे नाव आपण एका संपूर्ण वाङ्मयप्रकारास दिले. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले, आणि लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली. त्या काळी जाणत्या माणसांचा कादंबरीविषयीचा पहिला प्रश्न ती चांगली की वाईट हा नव्हता. ती मुलाबाळांच्या, विशेषतः सुनांच्या हाती पडू द्यावी की नाही, हा होता. ज्यांनी वाचावयाचे त्यांस विचारण्यापूर्वीच घरातील वडीलधाऱ्यांनी कौल देऊन टाकलेला असे.

हरिभाऊ आपट्यांनी हे चित्र पालटले. १८९० साली निघालेल्या ‘करमणूक’ पत्रातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. यमूने आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगितली, आणि घरोघरी ती वाचणाऱ्या स्त्रियांना प्रथमच असे वाटले की, छापील पुस्तकात आपल्या माजघरातील गोष्ट आली आहे. घरच्या विरोधाला न जुमानता वाचावयास शिकलेल्या काशीबाई कानिटकरांसारख्या विदुषीशी हरिभाऊंचा वाङ्मयीन स्नेह होता, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या लेखकाला वाचक समोर दिसतो, त्याची लेखणी अधिक जबाबदारीने चालते.

आपला जिल्हा या सुमारास पुण्या-मुंबईपासून फार दूर होता. १९०५ पर्यंत त्याचे नावही वणी जिल्हा असे होते. पुढे मूर्तिजापूरहून अरुंद रुळांची आगगाडी यवतमाळपर्यंत आली ती कापसाकरिता. परंतु कापूस नेणाऱ्या वाटेनेच पुस्तकेही आली. १९२३ साली विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला आणि वऱ्हाड-नागपूरच्या वाचकास आपले असे एक व्यासपीठ लाभले. १९२७ साली पु. य. देशपांडे यांची ‘बंधनाच्या पलीकडे’ प्रसिद्ध झाली. वेश्येच्या मुलीशी विवाह हा तिचा विषय, आणि त्यावरून केवढे वादळ उठले ते वाङ्मयाच्या इतिहासात नमूद आहे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहाने विभावरी शिरूरकर हे नाव पुढे आले, तेव्हा पुस्तकात काय आहे यापेक्षा ही बाई कोण याचीच चर्चा अधिक झाली. दोन्ही प्रसंगी रागावणाऱ्यांत पुस्तक न उघडलेले लोक थोडे नव्हते. ऐकीव मतावर कौल देण्याची ही खोड जुनी आहे, आणि ती अद्याप गेलेली नाही.

तथापि या सर्व कादंबऱ्यांत एक उणीव होती. त्यांतील माणसे बहुधा शहरातील व सुशिक्षित घरांतील असत. आठवडी बाजारात शिवणयंत्र मांडून बसणारा, लग्नसराईत रात्र रात्र जागणारा आणि पावसाळ्यात हात बांधून बसणारा कारागीर त्यांत कोठे नव्हता. तो आला १९६० साली. त्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या तारखेस महाराष्ट्र राज्य झाले व विदर्भ त्यात सामील झाला. आणि त्याच वर्षी उद्धव शेळके यांची ‘धग’ प्रसिद्ध झाली.

‘धग’ ही शेजारच्या अमरावतीकडील खेड्यातली कथा आहे. महादेव शिंपीकाम करतो, परंतु संसाराचा भार खरा वाहते ती त्याची बायको कौतिक. धंदा चालत नाही, पुढे नवऱ्याला महारोगासारखे दुखणे जडते, तरीही मुलांना वाढवावे, निदान एकाला तरी शिकवावे, म्हणून ती मोलमजुरी करीत राहते. पात्रे बोलतात ती वऱ्हाडीत. आपल्या चुलीजवळची बोली इतक्या निःसंकोचपणे कादंबरीच्या पानावर यावी, हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती. पुढे समीक्षकांनी मराठीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत तिची गणना केली.

आता आपल्या घरांतून या पुस्तकाविषयी काय ऐकू येते ते सांगतो, कारण आमच्या लेखाचे मर्म तेथेच आहे. काही वडीलमंडळी म्हणतात की, आपले दारिद्र्य चव्हाट्यावर मांडण्याचे कारण काय? ज्ञातीत मोठमोठे व्यापारी झाले, शिक्षक, डॉक्टर, वकील झाले, त्यांच्यावर का लिहू नये? या म्हणण्यामागील दुखावलेला अभिमान आम्ही जाणतो. ज्यांना एके काळी ओसरीच्या खाली बसून मापे घ्यावी लागली, त्यांना आपली जुनी फाटकी बाजू जगाने पाहावी असे वाटत नाही. परंतु कौतिक ही कीव करण्यासारखी बाई नाही. ती कष्ट करते, भांडते, मनातल्या मनात हिशेब मांडते, आणि कोणापुढे लाचार होत नाही. तिला पाहून आपली मान खाली जाण्याचे कारण नाही.

दुसरे मत असे की, भाषा अशुद्ध आहे, मुलांच्या हाती देऊ नये. यावर आमचे उत्तर एवढेच की, ज्या बोलीत आजीने आपल्याला जेवू घातले ती बोली अशुद्ध कशी? तिसरे मत आम्ही घरातील लेकीसुनांच्या तोंडून ऐकले आहे. त्या म्हणतात, कौतिक खरी आहे, पण लेखकाने तिच्यावर दुःखामागून दुःख घातले. एखादा सुखाचा दिवस तिच्या वाट्याला का येऊ दिला नाही? हे मत आम्हास सर्वांत मोलाचे वाटते. ते पुस्तक समोर ठेवून दिलेले आहे. त्याच्याशी वाद घालता येईल. आमच्या मते दुःख ओढून आणलेले नाही, ते त्या काळच्या हातावरच्या पोटाचे गणितच आहे. पण असा वाद होणे हेच वाचनाचे सार्थक होय.

यानंतर वऱ्हाडच्या जीवनाला मराठी कादंबरीत मान मिळत गेला. १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात भरले. बुलढाण्याकडील सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ २००२ साली आली व २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकलेला मुलगा, न परवडणारी शेती आणि घरातील ताणतणाव ही तिची कथा. आत्महत्यांनी होरपळलेल्या आपल्या जिल्ह्यातील वाचकास ती परक्याची वाटणे शक्यच नव्हते.

जानेवारी २०१९ मध्ये संमेलन पुन्हा यवतमाळात आले. यजमान होते डॉ. वि. भि. कोलते संशोधन केंद्र व वाचनालय, म्हणजे वाचकांचीच संस्था, अध्यक्षा डॉ. अरुणा ढेरे. उद्घाटनासाठी इंग्रजी कादंबरीकार नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले आणि विरोधानंतर ते परत घेण्यात आले. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. शेवटी उद्घाटन झाले ते याच जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या विधवा पत्नी वैशाली येडे यांच्या हस्ते. त्या वादाच्या राजकारणात आम्हास शिरावयाचे नाही. एकच विचारावेसे वाटते : बाजूने व विरुद्ध बोलणाऱ्या आपणांपैकी किती जणांनी त्या लेखिकेचे एखादे पुस्तक वाचले होते? ‘बंधनाच्या पलीकडे’च्या वेळची खोड ती हीच.

कपडा चांगला शिवला की नाही हे शिंपी तो उलटा करून, टीप पाहून सांगतो. रस्त्याने जाणाऱ्याचे ऐकून सांगत नाही. पुस्तकाविषयीही आपण तसेच वागावे. आमची सूचना साधी आहे. संस्थेच्या सभागृहात एक कपाट पुस्तकांचे असावे व त्यात ‘धग’ अग्रभागी असावी. कार्तिक शुद्ध एकादशीस नामदेव महाराजांच्या जयंतीला आपण जमतोच. त्या दिवशी एक तास एका कादंबरीच्या चर्चेस द्यावा, आणि तेथे प्रथम बोलण्याचा मान सुना-मुलींना द्यावा, कारण आजवर त्यांच्या वतीने इतरच बोलत आले. त्यांची मते लिहून घ्यावीत व पुढील स्मरणिकेत छापावीत, मग ती आपल्यास रुचोत वा न रुचोत.

नामदेवरायांची वाणी पंजाबपर्यंत पोचली व गुरुग्रंथसाहिबात विराजमान झाली, ती ऐकणाऱ्यांनी व जपणाऱ्यांनी. लेखक एकदा लिहून मोकळा होतो. ग्रंथाला आयुष्य देतो तो वाचक. हे काम आपल्या घरांनी मनावर घ्यावे, अशी सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.