सतरावा उमेदवार

महानगरपालिकेची निवडणूक आली की मुकुंदवाडीत भोंगे सुरू होतात आणि आमच्या वर्गात प्रश्न. "सर, नगरसेवक आपण निवडतो, मग महापौर कोण निवडतो?" असे एका मुलाने विचारले. उत्तर सोपे होते. नगरसेवक आपल्यातूनच एकाला, हात वर करून, अडीच वर्षांसाठी निवडतात. "मग वर्षानुवर्षे बसलेल्याला हलवायचे झाले तर?" हा त्याचा दुसरा प्रश्न. यासाठी मात्र मला मुंबईकडे वळावे लागले. आपल्या शहराची महानगरपालिका १९८२ ची आणि तिची पहिली निवडणूक १९८८ ची.

मुंबईत करदात्यांना मताचा हक्क मिळावा म्हणून झटणाऱ्या तरुणांत फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी होते. (अंजुमन-इ-इस्लामच्या १८७४ मधील स्थापनेमागचे तय्यबजी ते हेच, हे पालकांना ठाऊक असेलच.) १८८८ च्या कायद्याने सभासद ठरले ७२. त्यांपैकी ३६ वॉर्डांतून, १६ सरकारनियुक्त, चार विद्यापीठ व व्यापारी मंडळाचे, आणि १६ जण 'जस्टिस ऑफ द पीस' या मानकऱ्यांनी निवडायचे. मत मुख्यतः कर भरणाऱ्याला. खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या गिरणी कामगाराला ते कुठले!

फिरोजशहा १८८४, १८८५ आणि १९०५ साली सभेचे अध्यक्ष झाले. खुर्चीवर नसले तरी सभा चाले ती त्यांच्याच शब्दावर. कमिशनरला पैशापैशाचा जाब द्यावा लागे. एकाच माणसाचा असा दबदबा सर्वांना रुचणे शक्य नव्हते, आणि ती तक्रार अगदीच खोटी होती असे मला वाटत नाही. पण १९०७ मध्ये विरोधक म्हणून पुढे आले ते कोण? अकाउंटंट जनरल हॅरिसन, पालिका कमिशनर शेपर्ड, पोलीस कमिशनर जेल आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक लोव्हॅट फ्रेझर! ज्यांना जाब द्यायचा, त्यांनीच जाब विचारणाऱ्याला बाहेर काढण्याचा घाट घातला. जस्टिस मंडळींसाठी त्यांनी सोळा नावांची यादी तयार केली. फिरोजशहा सतरावे आले. जागा सोळाच!

मुंबईत संतापाची लाट उसळली. पुढे निवडून आलेल्यांपैकी एक सभासद अपात्र ठरला आणि त्याच्या जागी सतराव्याला प्रवेश मिळाला. १९१५ मध्ये फिरोजशहा वारले. पालिकेच्या इमारतीसमोर आजही त्यांचाच पुतळा उभा आहे.

१९३१ पासून अध्यक्षाला 'मेयर' म्हणू लागले. मुदत एका वर्षाची, त्यामुळे खुर्चीला चिकटून राहण्याची सोयच नव्हती. १९४२ मध्ये तेथे आले युसूफ मेहेरअली, वय अवघे ३८. निवडणुकीत त्यांचे नाव पुढे आले तेव्हा ते तुरुंगात होते. तरुणपणी राजकारणापायी वकिलीची सनद नाकारली गेलेला हा माणूस शहराचा पहिला नागरिक झाला. 'भारत छोडो' हे शब्द गांधीजींना त्यांनीच सुचवले, असे सांगतात. ऑगस्टमध्ये महापौर पुन्हा गजाआड. तेथे हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा सरकारने चांगल्या इस्पितळात हलवण्याची तयारी दाखवली. मेहेरअलींनी तीच सवलत आणखी दोन आजारी कैद्यांसाठी मागितली; ती मिळेना, म्हणून स्वतःही गेले नाहीत.

हे सांगून होईपर्यंत तास संपल्याची घंटा झाली. मुलगा जाता जाता म्हणाला, "सर, यादी कोणी केली ते आधी बघायचं ना?"