आरोग्यसेवांवरील देखरेख, धाराशिव जिल्हा परिषदेची

ग्रामीण भागातील सार्वजनिक आरोग्यसेवा व त्यांत होणारे बदल यांवर लोकनिर्वाचित जिल्हा परिषदेने ठेवावयाची देखरेख आणि तिचा धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील इतिहास. आठ तालुक्यांच्या या अवर्षणप्रवण जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६,५७,५७६ असून ती बहुतांशी ग्रामीण आहे. खाजगी वैद्यकाचा खर्च न परवडणाऱ्या कुटुंबांना प्राथमिक आरोग्य केंद्र हाच मुख्य आधार असल्यामुळे त्या केंद्राचा जाब कोणी व कोणास विचारावयाचा, हा प्रश्न येथे केवळ प्रशासकीय स्वरूपाचा नाही.

हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यपुनर्रचनेनंतर, १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. दरम्यान ग्रामीण आरोग्यव्यवस्थेची राष्ट्रीय रूपरेषा आकारास येत होती. भोर समितीने १९४६ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली आणि १९५२ मध्ये सुरू झालेल्या समूह विकास योजनेमुळे ती गटपातळीवर प्रत्यक्षात येऊ लागली. लोकशाही विकेंद्रीकरणाच्या संदर्भात बलवंतराय मेहता समितीने (१९५७) विकासगट हा मुख्य घटक मानला होता; महाराष्ट्रात मात्र वसंतराव नाईक समितीने (१९६०–६१) जिल्ह्याला प्राधान्य दिले. तदनुसार महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ संमत होऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

या अधिनियमान्वये जिल्हा परिषदेच्या विषय समित्यांत आरोग्य समितीचा समावेश करण्यात आला. तिचा सभापती निर्वाचित सदस्य असतो व जिल्हा आरोग्य अधिकारी हा तिचा सचिव म्हणून काम पाहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत आली. रिक्त पदे, औषधांचा तुटवडा, साथीचे रोग, इमारतींची दुरुस्ती इ. बाबींवर अधिकाऱ्यांना सभेत उत्तर द्यावे लागू लागले, ही या व्यवस्थेची मोठी फलश्रुती होय. पूर्वी वरिष्ठांकडे अर्ज करून वाट पाहण्यापलीकडे ग्रामस्थांच्या हाती फारसे काही नव्हते. आता आपल्या गटातून निवडून दिलेल्या सदस्याकरवी त्यांना तो प्रश्न सभागृहात नेता येऊ लागला.

तथापि देखरेखीचा अधिकार व निर्णयाचा अधिकार एकाच ठिकाणी नव्हते. ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये व जिल्हा रुग्णालय ही जिल्हा शल्यचिकित्सकामार्फत राज्य शासनाकडेच राहिली. केंद्रावरील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नेमणुका व पदांची मंजुरी हे विषयही मुख्यतः शासनाच्या हाती होते. परिणामतः डॉक्टर का नाही, हे आरोग्य समिती विचारू शके. डॉक्टर देणे मात्र तिच्या हाती नसे.

लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळा झाला आणि जिल्हा परिषदेचे कार्यक्षेत्र आकुंचित झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दोन्ही जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी २४ एप्रिल रोजी अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व दवाखाने यांसह आरोग्य व स्वच्छता हा विषय पंचायतींकडे सोपविण्याजोगा ठरविला. परंतु प्रत्यक्ष हस्तांतरण किती करावयाचे, हे राज्यांवर सोपविले.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानामुळे (२००५) निधीचा मोठा ओघ सुरू झाला. तो बव्हंशी जिल्हा आरोग्य सोसायटीच्या द्वारे येत असल्याने जिल्हा परिषदेच्या अर्थसंकल्पीय चर्चेच्या कक्षेबाहेर राहिला. याच अभियानाने लोकाधारित देखरेखीचा प्रयोगही केला. महाराष्ट्रात २००७ मध्ये त्यासाठी निवडलेल्या पाच जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश होता. अमरावती, नंदुरबार, पुणे व ठाणे हे अन्य चार जिल्हे. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथील हॅलो मेडिकल फाउंडेशन ही संस्था या जिल्ह्यात त्याच्याशी निगडित होती. गाव, आरोग्य केंद्र, तालुका व जिल्हा या पातळ्यांवर समित्या नेमून त्यांत पंचायत राज संस्थांच्या सदस्यांना स्थान देण्यात आले. ग्रामस्थ हिरवा, पिवळा व लाल या रंगांनी सेवेची प्रतवारी करीत. निरक्षर स्त्रीलाही वाचता येईल असे ते प्रगतिपुस्तक होते. पुढे जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमक्ष तक्रारी मांडल्या जात. कर्मचाऱ्यांची गैरहजेरी, बेकायदा पैसे घेणे यांसारखे स्थानिक दोष अशा सभांत निस्तरता येत. रिक्त पदे व औषधपुरवठा यांचा निर्णय मात्र राज्यस्तरावरच अडकून पडे.

देखरेखीची ही मर्यादा २०२२ मध्ये अधिक स्पष्ट झाली. त्या वर्षी जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन जिल्हा रुग्णालय त्याला जोडले गेले. जिल्ह्यातील वैद्यकीय सेवेच्या इतिहासातील हा मोठा बदल राज्यस्तरावर ठरला. त्याच वर्षी मार्चमध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली व निवडणुका लांबल्याने कारभार प्रशासकाकडे गेला. सदस्यांबरोबर आरोग्य समितीही संपुष्टात आली.

इंग्लंडमध्ये याच्या उलट परिस्थिती आढळते. तेथील रुग्णालये स्थानिक परिषदा चालवीत नाहीत; तरीही २००१ च्या कायद्याने आरोग्यसेवेतील महत्त्वाच्या बदलांची छाननी करण्याचा अधिकार त्यांना मिळाला. महाराष्ट्रात जिल्हा परिषद आरोग्य केंद्रे चालविते. पण शासकीय रुग्णालयांतील फेरबदल तिच्या संमतीवर अवलंबून नाहीत. धाराशिव जिल्ह्याच्या सहा दशकांच्या अनुभवावरून असे दिसते, की प्रश्न विचारण्याचे व्यासपीठ लाभले तेव्हा ग्रामस्थांनी त्याचा उपयोग केला. मात्र ते व्यासपीठ अखंड राहणे व त्यामागे निर्णयाचे बळ असणे, या दोन्ही गोष्टी एकत्र क्वचितच आल्या.