कशेळीचा ताम्रपट व सड्यावरील हत्ती

रत्नागिरी जिल्ह्याच्या प्राचीन इतिहासाचा विचार करितांना आपली दृष्टि सामान्यतः लेखाकडे जाते. ताम्रपट, शिलालेख, महजर, वतनपत्रें यांवरून जें सिद्ध होतें तेवढाच इतिहास, अशी आम्हां संग्राहकांची संवय झालेली आहे. ही संवय चुकीची नव्हे. परंतु ती अपुरी आहे, हें दाखविण्यास राजापूर तालुक्यांतील कशेळी हा एकच गांव पुरेसा आहे.

कशेळी हा समुद्रकांठचा गांव. येथील कनकादित्याचें, म्हणजे सूर्याचें, देवालय प्रसिद्ध आहे. प्रभासपट्टणाहून दक्षिणेकडे निघालेलें एक गलबत येथें अडलें, त्यांतील सूर्यमूर्ति देवघळीच्या गुहेंत ठेवण्यांत आली, व पुढें कनका नांवाच्या स्त्रीनें दृष्टान्तावरून ती गांवांत आणविली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेस पुराव्याची योग्यता देतां येत नाहीं. परंतु या देवस्थानाशीं निगडित असा शिलाहार राजा द्वितीय भोज याचा शके १११३ (इ. स. ११९१) चा ताम्रपट उपलब्ध आहे. ब्राह्मणांच्या नित्य भोजनासाठीं कशेळी गांव दान दिल्याचें त्यांत नमूद आहे. म्हणजे आठशें वर्षांपूर्वींचा या गांवाचा लेखी दाखला आपल्या हातीं आहे, व तो पाहून अभ्यासकाचें समाधान होतें.

आतां त्याच गांवाचा सडा पाहावा. येथें जांभ्या कातळांत सुमारें १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असा एक हत्ती कोरलेला आहे. त्याच्या देहाच्या मर्यादेंत पशु, पक्षी व जलचर यांच्या अनेक लहान आकृति आहेत. तो कोणी कोरला व कशासाठीं कोरला, हें सांगणारें एकही अक्षर तेथें नाहीं. ताम्रपट माणसांनीं जपला. हत्ती उघड्यावर पावसाळे सोशीत राहिला, आणि विद्वज्जनांच्या दृष्टीस तो अगदीं अलीकडे पडला.

असा हा एकच सडा नव्हे. श्री. सुधीर रिसबूड, श्री. धनंजय मराठे व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. २०१२ च्या सुमारास या कातळशिल्पांच्या शोधास आरंभ केला, आणि गुराखी व शेतकरी यांस विचारीत शेंकडों आकृति उजेडांत आणिल्या. २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत नऊ स्थळें दाखल झालीं: रत्नागिरी जिल्ह्यांतील उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू व देवाचें गोठणें, सिंधुदुर्गांतील कुडोपी, आणि गोमंतकांतील फणसामळ. बारसू येथें दोन व्याघ्रसदृश पशूंच्या मध्यें उभा मनुष्य आहे. देवीहसोळ येथें आर्यादुर्गेच्या देवळाजवळ चौकोनी भौमितिक आकृति आहे.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं पोथ्यांच्या शोधांत मी याच जिल्ह्यांत हिंडत असतां, एका गुराख्यानें ‘सड्यावर पांडवांनीं काढलेलीं चित्रें आहेत, पाहून जा, गुरुजी’ असें सांगितलें. पांडवांचें नांव ऐकतांच मी हसून पुढें गेलों. त्या दिवशीं एका घरीं मुहूर्तमार्तंडाची खंडित पोथी मिळाली, म्हणून दिवस सार्थकीं लागला असें मला वाटलें. पुढें कातळशिल्पांची वार्ता सर्वत्र झाल्यावर मी तो सडा शोधीत गेलों. तेथें चिरेखाण झालेली होती. गुराखी हयात नव्हता. चित्र कसलें होतें, किंबहुना तें होतें कीं नव्हतें, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. मुहूर्तमार्तंडाच्या प्रती ठिकठिकाणीं आहेत. त्या कातळाची दुसरी प्रत कोठेंच नव्हती. दोष सर्वस्वीं माझा. गुराख्यानें दिलेलें कारण चुकीचें होतें, म्हणून त्यानें दिलेली माहितीही चुकीची, असें मीं धरून चाललों.

लेख व दगड यांत विरोध नाहीं, हें दापोली तालुक्यांतील पन्हाळेकाजीवरून दिसतें. तेथील शके १०६१ च्या शिलाहार ताम्रपटांत ‘प्रणालक’ हें नांव आले. त्याच्या अनुषंगानें शोध होऊन कोटजाई नदीकांठच्या २९ लेण्यांचा समूह अभ्यासकांपुढें आला, व श्री. म. न. देशपांडे यांनीं त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेथें ताम्रपटानें वाट दाखविली. सड्यावर मात्र वाट दाखविणारा ताम्रपट नाहीं. तेथें गुराखी हाच आपला ताम्रपट होय.

अर्थ लावण्याची मात्र घाई नको. कांहीं आकृति गेंड्याच्या आहेत असें अभ्यासक म्हणतात, व गेंडा तर आज कोंकणांत नाहीं. शेतीचीं दृश्यें आढळत नाहींत, यावरून शिकारीवर व मासेमारीवर जगणाऱ्या लोकांचें हें काम असावें, असें अनुमान करण्यांत येतें. अनुमान सयुक्तिक आहे. तथापि कालाविषयीं एकवाक्यता झालेली नाहीं. पोथीच्या संशोधनांत आपण प्रथम पाठ निश्चित करितों व मग अर्थाकडे वळतों. तोच क्रम येथें लागू करावा. आज निकड आहे ती पाठ उतरून घेण्याची; कारण जांभा हा चिरा म्हणून विकला जातो, आणि सडा हा सरकारी कागदांत बहुधा पडीक जमीन असतो. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीं २०२३ सालीं भूमिपरीक्षण झालें, तेव्हां या चित्रांचा प्रश्न सर्वांच्या तोंडीं आला. सामान्य चिरेखाणीच्या वेळीं तो कोणीही विचारीत नाहीं.

म्हणून सभासदांस विनंति अशी कीं, पोथीसाठीं ज्या गांवीं जाल तेथें यजमानांस एक प्रश्न अधिक विचारावा: ‘सड्यावर कांहीं काढलेलें आहे काय?’ उत्तरांत पांडव आले तरी हसूं नये. गवत वाळल्यावर, सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हांत जावें. भर दुपारीं रेषा दिसत नाहींत. आकृतीचें माप घ्यावें व शेजारीं मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढावें. दिशा नोंदवावी; देवाच्या गोठण्याच्या कातळावर होकायंत्राची सुई भरकटते, तेथें सूर्याचा आधार घ्यावा. रेषांत खडू किंवा रंग कदापि भरूं नये. पुसट अक्षरांवर नवी शाई फिरविणाऱ्या लेखकानें किती पोथ्या बिघडविल्या, हें आपणांस ठाऊक आहेच. शेवटीं जमिनीचा गट क्रमांक व माहिती देणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावे.

कशेळीचा ताम्रपट आठशें वर्षें टिकला, कारण तो आपला आहे असें कोणीतरी मानीत आलें. सड्यावरील हत्तीसही तसेंच कोणीतरी हवें आहे.