बदलीवरचा पाद्री

भडक लाल-निळे रंग, तंग पोशाखात समुद्रस्नानाला निघालेली अगडबंब बाई, आणि शेजारी काळ्या कोटातला, गळ्याला पांढरी पट्टी लावलेला टकलू पाद्री. ब्लॅकपूल, ब्रायटन अशा इंग्रजी सहलींच्या गावी विसाव्या शतकात असली विनोदी पोस्टकार्डं ढिगांनी खपत. डोनाल्ड मॅकगिल हा त्यांचा बादशहा. १९०४च्या सुमारास तो या धंद्यात पडला आणि १९६२ साली वारला, तोवर कार्डं काढतच होता. १९५४ साली लिंकनच्या कोर्टानं अश्लीलतेपायी त्याला पन्नास पौंडांचा दंडही केला. जॉर्ज ऑर्वेलनं १९४१मध्ये त्याच्यावर लेख लिहिला. या कार्डांवरचा धर्मगुरू कायम बावरलेला आणि भलतंच बोलून बसणारा असतो, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. बोलण्यातला चावट अर्थ सगळ्या किनाऱ्याला कळतो, याला तेवढा कळत नाही.

हा पाद्री बहुतेकदा ‘व्हिकार’ असतो. मूळ लॅटिन ‘विकारियुस’, म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम करणारा. गिरणीच्या भाषेत सांगायचं तर बदली. चर्चला मिळणारा धान्याचा दशमांश खरा रेक्टरचा, म्हणजे गावच्या मुख्य धर्मगुरूचा. पुष्कळ ठिकाणी तो हक्क मठांकडे असे. मग मठवाले दशमांशाचा मोठा वाटा स्वतःकडे ठेवून गावात प्रार्थना चालवायला व्हिकार नेमत. त्याच्या हाताखाली ‘क्युरेट’. हा शब्द ‘कुरा’ म्हणजे काळजी यावरून आला. आत्म्यांची काळजी वाहणारा तो क्युरेट. पण व्यवहारात बदलीवाल्याचाही मदतनीस! ‘पंच’ साप्ताहिकात १८९५ साली जॉर्ज दु मोरिएनं याचंच चित्र काढलं. बिशपच्या टेबलावर बिचाऱ्याच्या वाट्याला नासकं अंडं येतं, आणि बिशपनं तसं म्हणताच तो म्हणतो की याचे काही भाग उत्तम आहेत. तेव्हापासून धड चांगलं ना धड वाईट अशा गोष्टीला इंग्रजीत ‘क्युरेटचं अंडं’ म्हणतात. माझ्या मते कार्डांवरच्या पाद्र्याला आपण हसतो ते त्याच्या बावळटपणाला कमी आणि या बदलीपणाला जास्त. मालक थेट आभाळातला, आणि त्याच्या वतीनं हा वाळूत घाम पुसतोय.

पाद्र्याचं दुसरं इंग्रजी नाव ‘पार्सन’ त्याहून मजेशीर. लॅटिन ‘पर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटा, मग नाटकातलं पात्र, मग माणूस. त्यातूनच ‘पर्सन’ आणि ‘पार्सन’ ही सख्खी भावंडं निघाली. ‘अर’चा ‘आर’ करायची खोड इंग्रजांना जुनीच. ‘क्लर्क’ला ते ‘क्लार्क’ म्हणतात. आपल्याकडचे जुने लोकही क्लार्कच म्हणत, ते साहेबाच्या तोंडून ऐकून. आणि हा क्लार्कही मुळात चर्चचाच माणूस, ‘क्लेरिकुस’. लिहिता-वाचता येणारे तेवढे तेच होते, म्हणून कारकुनी त्यांच्या गळ्यात पडली. तहसील कचेरीत फायलींच्या ढिगाऱ्याआड बसलेले भाऊसाहेब व्युत्पत्तीनं धर्मगुरू ठरतात. उद्यापासून त्यांच्यापुढे हात जोडताना निदान ही सबब सांगता येईल.

आपला ‘पाद्री’ मात्र इंग्रजांकडून आलेला नाही. तो पोर्तुगीज ‘पाद्रे’, म्हणजे बाप. लॅटिन ‘पातेर’ आणि संस्कृत ‘पितृ’ यांच्या गोतातला. इंग्रज फौजेतही पलटणीच्या धर्मगुरूला ‘पाद्रे’च म्हणतात. आता इतक्या भारदस्त घराण्यातला हा शब्द वर्गात मोठ्यानं वाचताना मराठी पोरं का खुसखुसतात, ते सांगायची गरज नाही. मॅकगिलला मराठी येत नव्हतं, हे पाद्र्यांचं नशीब.

गोव्याच्या कोकणीत गावच्या चर्चच्या मुख्य पाद्र्याला ‘पाद्र विगार’ म्हणतात. हा ‘विगार’ म्हणजे पोर्तुगीज ‘विगारियु’, आपला व्हिकारच. पण पोर्तुगीजांनी या शब्दाची जी गत केली ती एकाही पोस्टकार्डाला जमली नाही. त्यांच्या भाषेत ‘विगारियुची गोष्ट’ म्हणजे भोळ्याभाबड्याला घातलेली टोपी, आणि असली टोपी घालणारा भामटा तो ‘विगारिस्ता’.