मीटर ओसरीतून गल्लीत

गांधीबाग, हंसापुरी, इतवारी या जुन्या नागपुरातल्या गल्ल्यांमध्ये घराच्या दर्शनी भिंतीवर, जिन्याच्या तोंडाशी किंवा दुकानाच्या शटरला लागून वीजमीटरच्या पेट्या ओळीने लावलेल्या दिसतात. त्या इतक्या सवयीच्या झाल्या आहेत की मीटर ही मुळात घरातली वस्तू होती, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मीटर आतून बाहेर आणण्याचा खर्च कोणी करायचा आणि वायर किती लागेल, एवढ्यापुरतीच त्याची चर्चा होते. खरं तर मीटर कुठे टांगलं आहे यावरून ते कुणाच्या नजरेखाली आहे आणि त्याची जबाबदारी कुणाची, हे ठरत आलं आहे. मीटर बाहेर आलं ते योग्यच झालं, असं माझं मत आहे. मात्र त्याच्याबरोबर ग्राहकाला जे मिळायला हवं होतं ते मागेच राहिलं.

सुरुवातीला मीटर आत असण्याचं कारण यंत्राच्या घडणीत होतं. बुडापेस्टच्या गॅन्झ कारखान्यातल्या ओट्टो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये ज्या प्रकारच्या मीटरचं पेटंट घेतलं, त्यात अॅल्युमिनियमची चकती फिरते आणि तिच्या फेऱ्यांवरून युनिट मोजली जातात. पुढे शंभर वर्षं जगभर हीच चकती फिरत राहिली. असं मीटर ओळंब्यात टांगावं लागतं. धूळ, ओल, धक्का आणि कडक ऊन त्याला मानवत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, मग पावसाळा येतो. इथे अशा यंत्राला आतल्या भिंतीवरची लाकडी पाटीच सुरक्षित होती. नागपूर इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर या खासगी कंपनीच्या काळात शहरात वीज आली. त्या काळचा १९१० चा भारतीय वीज कायदाही मीटर घरातच असणार हे गृहीत धरणारा होता. कंपनीच्या माणसाने वाजवी वेळी, घरच्यांना सांगूनच आत यावं, असं त्यात लिहिलं होतं. मीटरच्या अचूकतेबद्दल वाद झाला तर निवाडा कंपनीने करायचा नव्हता, तो वीज निरीक्षकाचा अधिकार होता. म्हणजे मीटर कंपनीचं असलं तरी त्याच्यापर्यंत पोचायची वाट घरमालकाच्या दारातून जात होती, आणि चकती किती वेगाने फिरते हे घरातल्या कुणालाही दिसत होतं.

ही वाट गांधीबागसारख्या वस्तीत फार लवकर अडचणीची झाली असणार. इथे खाली कापडाचं ठोक दुकान किंवा गोदाम आणि वर राहती घरं. एकेका वाड्याच्या वारसांत वाटण्या झाल्या, खोल्या भाड्याने गेल्या. ही सगळी बिऱ्हाडं एकाच दारातून आणि एकाच अरुंद जिन्याने ये-जा करणारी. मीटर मालकाच्या ओसरीत असलं की भाडेकरूची वीज मालकाच्या मर्जीवर आणि त्याने लावलेल्या सबमीटरच्या आकड्यावर चालते. १९४९ च्या सीपी अँड बेरार घरभाडे नियंत्रण आदेशाखाली नागपुरात भाडेकरू दशकानुदशकं टिकून राहिले. त्यांच्यात आणि मालकात तणाव असला की मीटर आणि कटआउट कुणाच्या खोलीत आहे, हा प्रश्न किरकोळ राहत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याला घरमालकाने अत्यावश्यक सेवा तोडू नये, असं कलम २९ मध्ये सांगावं लागलं. २००३ चा वीज कायदा जोडणी मागण्याचा हक्क मालकाइतकाच वहिवाटदारालाही देतो. तो हक्क स्वतंत्र मीटर सामाईक जागेत, सर्वांना पोचता येईल असं लागलं तेव्हाच खरा झाला. मीटर बाहेर काढण्याच्या बाजूचं मला सर्वांत पटणारं कारण हे आहे. चोरीचं कारण त्यानंतर येतं, जरी बोललं जातं ते नेहमी चोरीबद्दलच.

चोरीचा मुद्दा अर्थातच खोटा नाही. चकतीचं मीटर तिरपं करणं, चकतीत फिल्म सरकवणं, सील काढून आकडे मागे नेणं हे प्रकार वीज खात्यातल्या कुणालाही माहीत आहेत. ते बंद दाराआड जास्त सोपे. त्यातच २००३ च्या वीज कायद्याने घरातल्या तपासणीवर मर्यादा घातली: सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत घरातला प्रौढ पुरुष हजर असल्याशिवाय झडती घेता येत नाही. बाहेरच्या भिंतीवरचं मीटर पाहायला कुणाच्या घरात शिरावं लागत नाही. नागपुरात या मुद्द्याला आणखी धार आली. १ मे २०११ पासून गांधीबाग, महाल आणि सिव्हिल लाइन्स या तीन विभागांची वीजवाटणी महावितरणने खासगी फ्रँचायझीकडे सोपवली. सप्टेंबर २०१९ मध्ये ती परत घेतली. अशा करारात कंपनी आत येणाऱ्या प्रत्येक युनिटचे पैसे भरते आणि ग्राहकाच्या बिलातून कमावते. मीटरमध्ये न उमटलेलं युनिट तिच्या खिशातून जातं, तेव्हा मीटर नजरेसमोर असावं असं तिला वाटणारच.

पण नजर एकीकडून दुसरीकडे गेली, हे केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २००६ च्या मीटरविषयक विनियमांनीच ओळखलं होतं. ग्राहकाच्या आवाराबाहेर मीटर लावलं तर वीजवापर त्या क्षणी दाखवणारा डिस्प्ले घरात द्यावा, असं त्यांत म्हटलं. बिल मात्र मीटरच्याच रीडिंगवर. बाहेरच्या मीटरची सुरक्षितता वीज कंपनीने पाहायची, घरातल्या डिस्प्लेची ग्राहकाने. हा तोल विचारपूर्वक साधलेला होता. यावर आक्षेप येतो की घराची बाहेरची भिंत हाही आवाराचाच भाग आहे, म्हणून ही अट लागूच होत नाही. शब्दांचा असा अर्थ लावता येईल. पण अट ज्या हेतूने आली तो हेतू भिंतीच्या मालकीचा नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या म्हातारीला गल्लीतल्या आठ-दहा पेट्यांतली आपली पेटी ओळखून, काचेवरची धूळ पुसून आकडा वाचायचा असेल, तर भिंत कुणाची आहे याने तिला काय फरक पडतो? शिवाय वीज कायद्यात आजही असं आहे की मीटरमध्ये छेडछाडीचं साधन सापडलं तर ती चोरी ग्राहकानेच केली असं धरलं जातं. तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. रात्रभर रस्त्यावर उघड्या असलेल्या पेटीबाबत हे गृहीतक अन्यायाचं आहे.

स्मार्ट मीटर आल्यावर मोबाईलवर सगळं दिसतं, मग डिस्प्ले कशाला, असा दुसरा प्रतिवाद होतो. ज्याच्याकडे तसा फोन आहे आणि जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्यापुरता तो खरा. जुन्या वाड्यात जोडणी बहुधा निवर्तलेल्या आजोबांच्या नावाने चालू असते, आणि अॅपमध्ये नोंदलेला नंबर भलत्याच भावाचा असतो. उलट स्मार्ट मीटरने बाहेर असण्याची दोन मोठी कारणं संपवली आहेत. रीडिंग घ्यायला माणूस यावा लागत नाही, आणि पुरवठा दुरून तोडता येतो. भाडेकरूंच्या कारणाखेरीज उरतं ते आगीचं भय, आणि कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या गांधीबागेत ते मोठं आहे. सर्व्हिस वायर आणि मुख्य कटआउट जिन्याखाली असू नयेत, एवढ्यासाठीसुद्धा मी पेटी बाहेरच ठेवीन. त्या बदल्यात महावितरणने प्रत्येक बिऱ्हाडात हाताच्या उंचीवर एक छोटा डिस्प्ले बसवावा, त्याचा खर्च ग्राहकाच्या बिलात घालू नये, आणि पेटीवर बिऱ्हाडाचा ग्राहक क्रमांक ठळक रंगवून द्यावा.